पदवी मिळाली, आता वाचा फुटली पाहिजे!

रविवारी रात्री कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गेले की पाठीला लॅपटॉपची पिशवी अडकवलेली तरुण मुले-मुली पुण्याच्या गाडीची वाट पाहताना दिसतात. सोमवारी सकाळी त्यांना हिंजवडीत, खराडीत किंवा मगरपट्ट्यात कामावर हजर व्हायचे असते. काही जण उलट दिशेने, बेळगाव-हुबळीवरून बंगळुरूला जातात. या गर्दीत आता आपल्या समाजाचीही मुले-मुली आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. कुणाचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत राबले, कुणाची आई चार घरची धुणी-भांडी करते, कुणाचे आजोबा नगरपालिकेत झाडू मारत होते. अशा घरातील मुले आज संगणकाच्या कंपनीत काम करतात. हे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचे फळ आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु या मुलांशी निवांत बसून बोलले की एक तक्रार वारंवार ऐकू येते. "काम येतं, पण मिटिंगमध्ये तोंड उघडत नाही." "साहेब म्हणतात, तुझं टेक्निकल चांगलं आहे, कम्युनिकेशन कमी पडतं." "माझ्यानंतर लागलेला पुढं गेला." या तक्रारीमागे नोकरी जाण्याची भीती असते, बढती हुकल्याचे दुःख असते आणि कित्येकदा न सांगितलेला अपमानही असतो. घरी फोनवर मात्र "बरं चाललंय" एवढेच सांगितले जाते.

आयटीच्या नोकरीत 'कम्युनिकेशन स्किल' आणि 'इमोशनल इंटेलिजन्स' हे शब्द आज सर्रास वापरले जातात. पहिल्याचा अर्थ संवादकौशल्य आणि दुसऱ्याचा भावनिक शहाणपण. हे गुण बड्या घरात जन्मणाऱ्यांनाच मिळतात, असा समज आपल्या मुलांच्या मनात घर करून बसला आहे. हा समज खोटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे गुण सायकल शिकावी तसे शिकता येतात. आणि ते शिकण्याची जागा पैसे भरून लावलेल्या क्लासइतकीच आपले घर आणि आपला विहार ही आहे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

यंत्राशी काम, पण माणसांच्या मधोमध

आपल्याकडे अनेकांना वाटते की आयटीतील माणूस दिवसभर एकटा संगणकापुढे बसून असतो, त्याला बोलण्याची गरज काय? वस्तुस्थिती उलट आहे. मोठा प्रोग्राम एकटा माणूस लिहीत नाही. गिऱ्हाईक परदेशात असते, त्याची गरज समजून घेणारा दुसरा, आराखडा करणारा तिसरा, प्रोग्राम लिहिणारे पाच-दहा जण, तपासणारे आणखी वेगळे. एकाने दुसऱ्याचे म्हणणे चुकीचे ऐकले की पुढचे सगळे काम चुकते. कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेल्यांना हे सहज समजेल. पॅटर्न चुकला की ओतलेले सगळे कास्टिंग भंगारात जाते, मग भट्टीवाल्याने कितीही घाम गाळलेला असो.

याचे जगभर गाजलेले एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान पाठवले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. चौकशीत निघाले असे की, यानाच्या धक्क्याचे आकडे एका गटाच्या प्रोग्रामने पौंडाच्या मापात दिले होते आणि दुसरा गट ते मेट्रिक मापातले समजून हिशेब करत होता. यानाचा मार्ग अपेक्षेप्रमाणे नाही अशी शंका काही जणांना आधीच आली होती. पण ती रीतसर मांडली गेली नाही आणि कुणी तिचा पाठपुरावा केला नाही. यान बनवणारे लोक अडाणी नव्हते. वेळेवर विचारणे आणि विचारलेले ऐकून घेणे, एवढेच राहून गेले. त्यापायी कोट्यवधी डॉलरचे यान गेले.

गुगल कंपनीने २०१२ च्या सुमारास आपल्याच कंपनीतील गटांचा अभ्यास सुरू केला. कोणता गट चांगले काम करतो आणि का, हे त्यांना पाहायचे होते. सर्वांत हुशार माणसे एकत्र केली की सर्वांत चांगला गट तयार होतो, असे काही त्यांना आढळले नाही. ज्या गटात प्रश्न विचारल्यावर किंवा चूक सांगितल्यावर हसे होत नाही, अशी खात्री प्रत्येकाला असते, तो गट पुढे जातो, असे त्यांना दिसले. म्हणजे बोलणाऱ्याने बोलावे, हे अर्धे काम झाले. त्याला बोलू देणारे वातावरण तयार करणे हे उरलेले अर्धे काम असून ती साहेबाची जबाबदारी आहे. आपल्या मुलाला 'तू बोलत नाहीस' असा दोष देताना ही दुसरी बाजू विसरली जाते.

'होईल की!' या उत्तराचा घोळ

आपल्या कोल्हापूरची बोली रांगडी आणि प्रेमळ. पण तिच्यातील दोन उत्तरे आयटीच्या कामात फार घोटाळे करतात. एक 'होईल की!' आणि दुसरे 'बघतो!'

"हे काम शुक्रवारपर्यंत होईल का?" असे साहेबाने विचारले की आपला मुलगा म्हणतो, "होईल की!" त्याच्या मनात असते, प्रयत्न करतो, बघू कसे जमते ते. ऐकणारा मात्र ते वचन समजतो आणि पुढे परदेशातील गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसतो. गुरुवारी रात्री लक्षात येते की निम्मे काम बाकी आहे. मुलगा भीतीने गप्प, रात्रभर जागरण, आणि शुक्रवारी सर्वांसमोर बोलणी. दोष कामचुकारपणाचा नसतो. सोमवारी जे सांगायचे ते शुक्रवारी सांगितले गेले, एवढाच असतो.

बऱ्याच कंपन्यांत रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांची छोटी बैठक होते. तिला 'स्टँड-अप' म्हणतात. तिच्यात प्रत्येकाने सहसा तीन गोष्टी सांगायच्या असतात: काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे. आपली मुले पहिल्या दोन गोष्टी कशाबशा सांगतात आणि तिसरी गिळून टाकतात. 'अडले आहे' म्हटले तर आपल्याला येत नाही असे समजतील, ही धास्ती. खरे म्हणजे ती बैठक त्या तिसऱ्या गोष्टीसाठीच असते.

म्हणून मुला-मुलींना आमचे सांगणे आहे की उत्तर मोघम देऊ नका. "पहिला भाग मला समजला आहे, तो बुधवारी देतो. दुसऱ्या भागात दोन शंका आहेत, त्या आज विचारल्या तर शुक्रवार गाठता येईल," असे बोलायला शिका. यात मोठे इंग्रजी लागत नाही. तारीख, शंका आणि मदत, या तीन गोष्टी स्पष्ट असल्या की पुरे. बोलणे झाल्यावर ठरलेले चार ओळींत ई-मेलने लिहून पाठवा. आम्ही कारकुनी करणारी माणसे आवक-जावक नोंदवहीवर जगतो. कागदावर जे आले नाही ते घडलेच नाही, हा दफ्तराचा नियम कंपनीतही तितकाच खरा आहे.

मन ओळखण्याचे शास्त्र

भावनिक शहाणपणाची शास्त्रीय मांडणी पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली केली. पुढे १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचे पुस्तक आले आणि हा शब्द जगभर पसरला. गोलमन यांच्या पुस्तकानंतर 'हुशारीपेक्षा हेच महत्त्वाचे' अशा अतिशयोक्त जाहिराती झाल्या. अनेक संशोधकांना त्या मान्य नाहीत. म्हणून मूळ गोष्ट तेवढी लक्षात घ्यावी. सॅलोवे-मेयर यांनी पुढे या शहाणपणाचे चार भाग सांगितले: आपली व दुसऱ्याची भावना ओळखणे, तिचा विचाराला उपयोग करून घेणे, ती कशातून आली हे समजणे आणि ती सांभाळणे.

हे व्यवहारात कसे दिसते ते पाहू. आयटीत एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसरा तपासतो आणि बाजूला शेरे लिहितो. 'हे असे का केले?' 'हे नाव बदला.' 'हा भाग पुन्हा लिहा.' एका पानावर असे दहा-बारा शेरे पडतात. ज्याच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तो ते वाचून दुरुस्ती करतो आणि चहाला जातो. आपल्या मुलाला मात्र तो प्रत्येक शेरा काळजात लागतो. कारण कॉलेजात 'तुमचं काय, कोट्यातून आलात' हे त्याने ऐकलेले असते. त्यामुळे प्रोग्रामवरचा शेरा त्याला स्वतःवरचा, जातीवरचा शेरा वाटतो. मग तो एकतर खचतो, नाहीतर उसळून उत्तर देतो. दोन्हींत नुकसान त्याचेच.

अशा वेळी क्षणभर थांबून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मला आत्ता राग आला आहे, की भीती वाटते आहे, की लाज? आणि हा शेरा कामावर आहे, की माझ्यावर? कामावर असेल तर दुरुस्ती करावी, पटत नसेल तर कारण देऊन सांगावे. माणसावर असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आहे; त्याविषयी पुढे लिहिले आहे. हा फरक ओळखता आला की निम्मे ओझे उतरते.

आपल्या धम्मातली शिदोरी

हे सारे काही परदेशातून आयात करायची गरज नाही. तथागतांनी आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला स्वतंत्र स्थान दिले आहे. खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे आणि वायफळ न बोलणे, अशी तिची चार अंगे आहेत. पंचशीलातील चौथे शील आपण दर वेळी वंदनेत म्हणतो. पण 'माझे काम झाले नाही' हे वेळेवर सांगणे म्हणजेच ते शील पाळणे आहे, हे आपण मुलांना सांगतो का?

मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. तेथे भगवंतांनी बोलण्याची कसोटी सांगितली आहे. बोलणे खरे हवे, हिताचे हवे, आणि ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तर योग्य वेळ पाहून बोलावे. अप्रिय आहे म्हणून बोलूच नये, असे त्यांनी सांगितले नाही, हे महत्त्वाचे. गिऱ्हाइकाला 'ही तारीख गाठता येणार नाही' हे सांगणे अप्रिय आहे. पण ते खरे आहे आणि हिताचेही आहे. म्हणून ते वेळेवर सांगितलेच पाहिजे. सतिपट्ठान सुत्तात, मनात राग असेल तेव्हा 'मन रागावलेले आहे' असे जाणावे, अशी शिकवण आहे. भावना ओळखणे ही पायरी आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वीपासून आहे.

सिगालोवाद सुत्तात मालक आणि कामगार यांची परस्परांशी असलेली कर्तव्ये दिली आहेत. मालकाने कामगाराला झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. कामगाराने मन लावून काम करावे. म्हणजे शहाणपण दोन्ही बाजूंनी हवे. रात्री बारापर्यंत काम करून घ्यायचे आणि वर 'ताण सांभाळायला शिका' असा उपदेश करायचा, याला कुणी भावनिक शहाणपण म्हणू नये.

इंग्रजीचा बाऊ नको, कंटाळाही नको

संवाद म्हणजे फाडफाड इंग्रजी, अशी एक समजूत आहे. विनयपिटकात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली की बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावे. भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीत ते शिकण्यास संमती दिली, असा अर्थ पुष्कळ विद्वान करतात. समोरच्याला समजणे हे पहिले, भाषेचा थाट नंतर, हाच त्यातील बोध.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांची बाजू इंग्रजीत, आकडे आणि तर्क देऊन मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केला, तो मराठीत. त्याच वर्षी २१ व २२ मार्चला आपल्याच जिल्ह्यातील माणगावात त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तेथे ते खेड्यापाड्यातील आपल्या माणसांशी मराठीत बोलले. विषय तोच, न्यायाचा. ऐकणारा बदलला तशी भाषा बदलली, मांडणी बदलली. समोर कोण आहे हे ओळखून बोलणे, हे संवादकौशल्याचे सार आहे. पत्राला नावसुद्धा 'मूकनायक' दिले. मुक्यांना वाचा फुटावी म्हणून निघालेल्या चळवळीची ही मुले, आणि आज ऑनलाइन मिटिंगमध्ये 'म्यूट'चे बटण दाबून बसतात, हे मनाला लागते.

म्हणून इंग्रजी जरूर शिकावी. कॅलिफोर्नियातील गिऱ्हाइकाला मराठी येणार नाही. रोज एक बातमी मोठ्याने वाचावी, आपण केलेले काम पाच वाक्यांत इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा, ते फोनवर ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकावे. उच्चार कोल्हापुरी असला तरी बिघडत नाही. जपानी, जर्मन, तमीळ माणसे आपापल्या उच्चारात इंग्रजी बोलतात आणि त्यांचे काम अडत नाही. वाक्य छोटे, संथ आणि स्पष्ट हवे.

शांत राहणे म्हणजे सोसणे नव्हे

आता नाजूक मुद्दा. 'भावना आवरा' हा उपदेश आपल्या समाजाला शेकडो वर्षे केला गेला आहे. त्यामुळे हा शब्द ऐकला की आपल्या कार्यकर्त्यांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे.

'संवाद कमी पडतो' या शेऱ्यामागे प्रत्येक वेळी संवादच असतो असे नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. या अर्जदारांनी तर अजून तोंडही उघडले नव्हते! त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की गुणवत्तेच्या गोष्टी करणारे अधिकारी मुलाखतीत 'कौटुंबिक पार्श्वभूमी' हटकून विचारतात.

२०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को या संगणक कंपनीवर, एका दलित अभियंत्याला जातीवरून दुजाभाव झाल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन वरिष्ठ अभियंत्यांविरुद्धचा दावा त्या यंत्रणेने मागे घेतला. त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. अमेरिकेतील असे ते पहिले शहर ठरले. जात समुद्रापार गेली, आणि तिच्याविरुद्ध बोलणारेही गेले, एवढे यावरून समजावे.

अपमानाच्या बाबतीत तथागतांची एक कथा मार्गदर्शक आहे. शिव्या देणाऱ्या एका ब्राह्मणाला त्यांनी विचारले, तुझ्या घरी पाहुण्यांनी वाढलेले घेतले नाही तर ते कुणाचे राहते? तो म्हणाला, माझेच. भगवंत म्हणाले, तसेच तुझ्या शिव्या मी घेत नाही. याचा अर्थ कित्येक जण 'गप्प बसा' असा करतात. तो चूक आहे. भगवंत गप्प बसले नाहीत. ते बोलले, आणि समोरच्याला निरुत्तर करून बोलले. फक्त त्याचा राग त्यांनी आपल्या अंगात शिरू दिला नाही.

तेव्हा कंपनीत कुणी जातीवरून बोलले, तर तेथेच हमरीतुमरीवर येऊ नये आणि गिळूनही टाकू नये. "हे बोलणे मला मान्य नाही," असे एका वाक्यात शांतपणे सांगावे. त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तेथे कोण होते हे लिहून ठेवावे. मेसेज असेल तर जपून ठेवावा. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मुलींना लैंगिक त्रास झाल्यास, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पाऊल उचलण्यापूर्वी जाणकार वकिलाचा आणि घरच्यांचा सल्ला घ्यावा. शांत डोक्याने केलेली लेखी तक्रार रागाच्या दहा भाषणांपेक्षा जड असते.

शाहू महाराजांचा चहा

दुसऱ्याचे मन जाणणे म्हणजे काय, याचा धडा कोल्हापूरकरांना वेगळा शिकायला नको. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत चाकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गेले, चहा मागवला आणि सोबतच्यांनाही पाजला.

आणखी पैसे देणे महाराजांना सोपे होते. पण या माणसाला पैशापेक्षा गिऱ्हाईक आणि मान हवा आहे, हे त्यांनी ओळखले. भावनिक शहाणपण म्हणतात ते हेच. आज ज्या आपल्या मुला-मुली टीम लीडर, मॅनेजर झाल्या आहेत, त्यांनी हा धडा घ्यावा. गटात नवीन आलेली, खेड्यातून आलेली, न बोलणारी पोर दिसली तर सर्वांसमोर "तुझे मत काय?" असे आदराने विचारावे. तिचे वाक्य कुणी मध्येच तोडले तर "आधी तिचे पूर्ण होऊ द्या" एवढे म्हणावे. एका वाक्याने एखाद्याचे करिअर उभे राहते.

सुरुवात घरातून, विहारातून

शेवटी पालकांना चार शब्द. आपल्या घरात मुलाने प्रश्न विचारला की "मोठ्यांच्यात बोलू नकोस" असे आपण दटावतो, आणि तोच मुलगा मुलाखतीत बोलला नाही की हळहळतो. हे बदलले पाहिजे. वीस वर्षे दाबलेला आवाज एका दिवसात मोकळा होत नाही. जेवताना टीव्ही अर्धा तास बंद ठेवावा. प्रत्येकाने दिवसभरातली एक गोष्ट सांगावी आणि इतरांनी मध्ये न बोलता ऐकावी. मुलांबरोबर वडिलांनीही सांगावे, "आज मला वाईट वाटले." पुरुषाने भावना बोलू नये, हा खुळा समज आहे, त्यातूनच दारू आणि मारझोड घरात शिरते.

२०२० च्या टाळेबंदीपासून अनेक मुले घरून काम करू लागली. दोन खोल्यांच्या घरात एका कोपऱ्यात लेक परदेशातील माणसाशी बोलते आणि पलीकडे कुकरची शिट्टी होते. अशा वेळी तिला तासभर शांतता देणे हा तिच्या पगाराइतकाच महत्त्वाचा आधार आहे. दिवसभर ऑफिस करून आलेल्या मुलीकडून रात्री सगळ्यांची भांडी घासून घ्यायची आणि मुलाने मोबाईल बघत बसायचे, हे समतेच्या घराला शोभत नाही.

बाहेरगावी असलेल्या मुलाला फोन केला की "पगार झाला का?" याच्या आधी "जेवलास का, झोप होते का, तिथं कुणाशी पटतं का?" असे विचारावे. तो "बरं आहे" म्हणाला तरी त्याचा सूर ऐकावा. झोप उडाली, जेवण तुटले, माणसांना टाळू लागला, तर "सगळ्यांनाच ताण असतो" म्हणून उडवून लावू नये, डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती २०२२ साली सुरू झाली आणि तेथे मराठीतही बोलता येते. नोकरी गेली तर घराने पाठीशी उभे राहावे. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनेही सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. नोकरी गेली म्हणजे मुलगा नालायक ठरला, असे होत नाही.

आणि आपले विहार? १४ एप्रिलच्या जयंतीत माईक वर्षानुवर्षे त्याच चार पुढाऱ्यांच्या हातात असतो. आम्ही काही कार्यकर्ते विहारात रविवारचा वर्ग घेतो. तेथे सूत्रसंचालन, पाहुण्यांचा परिचय, आभार ही कामे आठवी-नववीच्या मुला-मुलींकडे आळीपाळीने दिली जातात. पहिल्या खेपेला पाय लटपटतात, चिठ्ठी हातातून पडते. चौथ्या खेपेला तीच पोर चिठ्ठीशिवाय बोलते. या वर्गाला फी नाही, वातानुकूलित हॉल नाही. गावोगावच्या विहारांतून हे होऊ शकते. आयटीत नोकरीला असलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा. मुलाखतीत काय विचारतात, ई-मेल कसा लिहावा, 'मला समजले नाही' हे न लाजता कसे म्हणावे, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार? "वडील काय करतात?" असे मुलाखतीत विचारले तर "हमाली करतात, त्यांनी मला शिकवले," असे ताठ मानेने सांगायलाही त्यांनीच शिकवावे.

बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली, तिच्या जोरावर आपण पदव्या मिळवल्या. मूकनायकाचे उरलेले काम आता आपल्या पोरांच्या जिभेवर आहे. पुढच्या रविवारी विहारातला माईक एका मुलीच्या हातात द्या आणि आपण समोर बसून ऐका.

जयभीम! नमो बुद्धाय!